अठरा दिवसांत गेलेलं वऱ्हाड

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा विषय निघाला की गाडी हमखास असईवर येऊन थांबते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ झालेल्या त्या लढाईत इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेली वा जखमी झाली, शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या आणि आर्थर वेलस्ली या ३४ वर्षांच्या सेनापतीचं नाव झालं. हाच माणूस पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं, तरी आपली सगळ्यांत सरस लढाई म्हणून तो असईचंच नाव घेत असे. साहेबानं असा शिक्का मारल्यावर आपणही तेवढ्यावर समाधान मानलं.

असईनं युद्ध संपलं मात्र नव्हतं. दौलतराव शिंद्यांचा तोफखाना गेला, पण घोडदळ शाबूत होतं. नागपूरकर रघुजी भोसल्यांचं तर फारसं काही बिघडलंच नव्हतं. दक्षिणेतला निकाल लागला तो दोन महिन्यांनी, वऱ्हाडात. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगाव-सिरसोलीच्या मैदानावर लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावला तह झाला. अवघ्या अठरा दिवसांत भोसल्यांचं वऱ्हाड गेलं. ३० डिसेंबरला शिंद्यांचा तह झाला तोही इथेच, अंजनगाव सुर्जीला. एवढं सगळं अकोला-अमरावतीच्या मुलखात घडलं, आणि चिखलदऱ्याला थंड हवा खायला जाणाऱ्या दहाजणांतल्या नऊजणांना गाविलगडावर नेमकं काय झालं हे ठाऊक नसतं. इंग्रज वाचकाला ते निदान बर्नार्ड कॉर्नवेलच्या ‘शार्प्स फोर्ट्रेस’ या कादंबरीमुळे माहीत आहे!

युद्धाची बोलणीही वऱ्हाडातच झाली होती. यशवंतराव होळकरांनी पुण्यावर स्वारी केल्यावर बाजीराव पेशवा इंग्रजांकडे पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला त्यानं तैनाती फौजेच्या करारावर सही केली. म्हणजे पुण्यात कंपनीची फौज राहणार, तिचा खर्च पेशव्यानं द्यायचा आणि कंपनीला विचारल्याशिवाय परक्याशी बोलायचंही नाही. निजामानं हे आधीच पत्करलं होतं. आता पेशवाही गेला, तर पुढचा नंबर आपला, हे शिंदे आणि भोसले दोघांनाही कळत होतं. कंपनीचा वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीत बसून एकच प्रश्न विचारत होता: तह की लढाई? दौलतरावांनी सांगितलं, रघुजी भोसल्यांची भेट होऊ द्या, मग सांगतो. ही भेट १८०३ च्या उन्हाळ्यात मलकापूरच्या बाजूला झाली. दोघांच्या फौजा एकत्र आल्या, होळकरांची वाट पाहिली गेली. होळकर आले नाहीत, ते माळव्यात निघून गेले. ऑगस्टच्या सुरुवातीला कॉलिन्सनं छावणी सोडली, आणि त्याच आठवड्यात हैदराबादला निजाम अलीही वारला.

या युद्धाला स्वातंत्र्ययुद्ध म्हणावं का? मला ते जरा ओढूनताणून वाटतं. अहमदनगरच्या वेढ्यात पेशव्यांचा सरदार बापू गोखले वेलस्लीच्या छावणीत होता. नगरची पेठ इंग्रजांनी सकाळी तटाला शिड्या लावून घेतली ते पाहून तो थक्क झाला. हे लोक सकाळी येऊन तट बघतात, चढून जातात आणि न्याहारीला परततात, अशा अर्थाचं त्यानं पुण्याला कळवल्याचं प्रसिद्ध आहे. हाच बापू गोखले १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना पडला. १८०३ मध्ये कोण कुणाच्या बाजूला आहे हे अजून ठरायचं होतं. तरीही शिंदे-भोसल्यांच्या दृष्टीनं हा झगडा आपलं राज्य आपल्या हातात ठेवण्याचा होता, यात शंका नाही. तैनाती फौज दारात येऊ द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो अर्थ लहान नव्हता.

कंपनीनं एकाच वेळी सगळीकडून घाव घातले. १२ ऑगस्टला नगरचा किल्ला गेला, २९ ऑगस्टला भडोच. ११ सप्टेंबरला दिल्लीजवळ लॉर्ड लेकनं शिंद्यांची पलटण मोडली, ऑक्टोबरात आग्रा आणि कटक पडलं, १ नोव्हेंबरला लासवारी. शिंद्यांच्या नोकरीतल्या गोऱ्या अफसरांना कंपनीनं जाहीरनामा काढून बोलावलं, पेन्शनची हमी दिली. बरेचजण ऐन वेळी निघून गेले. ज्यांच्या भरवशावर कवायती फौज उभी केली होती तेच गेल्यावर पलटणी उरल्या, सेनापती उरले नाहीत. यात मात्र दोष फक्त गोऱ्यांचा नाही. दुसऱ्याच्या माणसावर आपली छाती काढून चालणाऱ्या दरबाराचाही आहे.

असईनंतर वेलस्लीच्या हाताखालच्या कर्नल स्टीव्हन्सननं १६ ऑक्टोबरला बुऱ्हाणपूर आणि २१ ऑक्टोबरला असीरगड घेतला. रघुजींनी या वेळी चाल केली ती जुन्या मराठी पद्धतीची: दक्षिणेला निजामाच्या मुलखात उतरायचं आणि शत्रूची रसद तोडायची. वेलस्लीसाठी धान्य घेऊन येणाऱ्या तांड्यावर अंबडजवळ त्यांच्या स्वारांनी झडप घातली. पण तांड्याबरोबरची तुकडी टिकून राहिली आणि धान्य वेलस्लीपर्यंत पोचलं. मला विचाराल तर या युद्धातली ही सगळ्यांत महत्त्वाची चकमक आहे. वेलस्लीची फौज महिनोन्‌महिने चालत राहिली ती बंजाऱ्यांच्या बैलांवर. म्हैसूरच्या मोहिमांत तो एक गोष्ट पक्की शिकला होता: तांदूळ आणि बैल असले की बाकीचं जमतं. मराठ्यांनी एके काळी मोगलांना जेरीस आणलं होतं ते नेमक्या याच जागी चिमटा काढून. १८०३ मध्ये तो चिमटा बसला नाही.

त्या सालचं वऱ्हाड कसं होतं तेही सांगायला हवं. मुलूख दोअमली होता. बहुतेक महालांत वसुलाचे ६० टक्के भोसल्यांकडे आणि ४० टक्के निजामाकडे जात, म्हणजे एकाच शेतावर दोन सरकारांचे कारकून. अचलपूरला निजामाचा नबाब, गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडे. त्यात १८०३-०४ चा दुष्काळ पडला. एका बाजूनं पेंढारी, दुसऱ्या बाजूनं दोन्हीकडच्या फौजांची बैलं आणि घोडी. लढाईच्या इंग्रजी कागदांत पलटणींची नावं आहेत, तोफांचे आकडे आहेत. ज्यांच्या वावरांतून या फौजा गेल्या त्या कुणब्यांचं एकही नाव नाही.

नोव्हेंबरात शिंद्यांनी तहाची बोलणी सुरू केली. त्यांचा वकील यशवंतराव घोरपडे वेलस्लीच्या छावणीत होता. २३ नोव्हेंबरला शस्त्रसंधी झाली, ती फक्त शिंद्यांशी. भोसल्यांचा त्यात उल्लेख नव्हता, आणि वेलस्लीला तेच हवं होतं. शिंद्यांच्या घोडदळाला आपण आणखी फारसं दुखवू शकत नाही हे त्याला कळत होतं. दोघांना वेगळं काढता आलं तर मात्र भोसल्याला एकट्याला गाठता येईल. अट अशी होती की शिंद्यांच्या फौजेनं अचलपूरच्या पूर्वेला वीस कोस जाऊन राहावं. शिंदे गेले नाहीत. त्यांचे स्वार भोसल्यांच्या तळाशेजारीच, सिरसोलीच्या भागात राहिले.

इथे दौलतरावांना काय साधायचं होतं? एक हात वाटाघाटीत ठेवायचा आणि दुसरा मित्राच्या खांद्यावर, हा डाव नवा नव्हता. पण कागदावर तह आणि मैदानावर सोबत, असं दोन्ही धरायला गेलं की समोरचा आपल्या सोयीचा अर्थ काढतो. वेलस्लीनं तो काढला. २९ नोव्हेंबरला शिंद्यांचे वकील हल्ला करू नका म्हणून विनवीत होते. त्यानं त्यांना ऐकवलं की भोसल्यांशी शस्त्रसंधी झालेलीच नाही, आणि तुमच्याशी झालेली तुम्ही पाळली नाही. युक्तिवाद कायदेशीर होता, आणि त्याला हवा तेव्हा हाताशी आला.

त्या दिवशी वेलस्लीची फौज लांबची मजल मारून आली होती. स्टीव्हन्सनची फौज येऊन मिळाली. स्टीव्हन्सन इतका आजारी होता की घोड्यावर बसवत नव्हतं. तो हत्तीच्या अंबारीतून हुकूम देत होता. दोघांची मिळून जेमतेम अकरा हजार माणसं. दुपारी एका बुरुजावर चढून वेलस्लीनं दुर्बीण लावली तेव्हा सिरसोलीच्या पलीकडे माणसांचा गलबला दिसला. शत्रू निघून चालला असावा असं त्याला वाटलं. माणसं दमली होती, तेव्हा मुक्काम करायचा असाच बेत होता. तेवढ्यात पुढे गेलेल्या बिष्णप्पा पंडिताच्या म्हैसुरी स्वारांना मराठ्यांच्या बिनीच्या घोडेस्वारांनी छेडायला सुरुवात केली. त्यांच्या मदतीला तुकड्या पाठवून वेलस्ली स्वतः पुढे गेला, तर समोर अडगावच्या पुढ्यात सगळी फौज शिस्तीत उभी. पाच मैलांची रांग. मधोमध भोसल्यांचं पायदळ आणि तोफखाना, सरदार रघुजींचे धाकटे भाऊ व्यंकोजी, ज्यांना मनाबापू म्हणत. उजव्या हाताला शिंद्यांचं घोडदळ आणि त्याच्याही बाजूला पेंढारी. पाठीशी अडगावच्या बागा आणि उत्तरेला सातपुडा. मधलं मैदान सपाट, पण पूर्णेकडे उतरणाऱ्या नाल्यांनी कापलेलं.

दिवस कलायला आला होता. तरी त्याच दिवशी लढायचं त्यानं ठरवलं.

पलटणी रांगेनं सिरसोलीला वळसा घालून मैदानावर उतरू लागल्या आणि भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. गोलंदाजी नेमकी होती. तोफा ओढणारे बैल बिथरले, त्यांना हाकणारे पळाले, आणि त्या गोंधळात मद्रासी शिपायांच्या पलटणी मागे फिरल्या. ही नवखी माणसं नव्हती. दोन महिन्यांपूर्वी असईला याहून भयंकर तोफांसमोर ती छाती काढून गेली होती. आता ती गावाच्या दिशेनं सैरावैरा पळत होती, आणि पुढे आलेल्या तोफा उघड्या पडल्या होत्या. वेलस्ली जवळच होता. आधी त्यानं पुढे होऊन थोपवायचा प्रयत्न केला, ते जमेना. मग तो ओरडला नाही, कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. अफसरांना सांगितलं, माणसांना गावाच्या आडोशाला न्या, तिथे पुन्हा रांगा लावा. रांगा लागल्यावर त्यांना पुन्हा पुढे आणलं. आपण तिथे नसतो तर तो दिवस आपण हरलो असतो, असं त्यानं नंतर लिहून ठेवलं आहे. सेनापती स्वतःबद्दल असं लिहितात तेव्हा थोडं वजा करून घ्यावं. इथे वजा करण्याजोगं फारसं नाही.

या वेळी मनाबापूंची फौज काय करत होती? तोफा चालू होत्या, रांग जागच्या जागी होती. इंग्रजांची फळी अजून उभी राहायची होती, तिचा एक भाग पाठ दाखवून पळत होता आणि समोर हजारो स्वार ताजेतवाने. इतिहासात जर-तरला किंमत नाही म्हणतात. पण सिरसोलीच्या त्या वेळेपुरतं तरी हे विचारायलाच हवं. शिंद्यांच्या स्वारांना हुकूम कुणाचा? दौलतरावांचा. भोसल्यांच्या पायदळाला? मनाबापूंचा. दोघांना एकदम ‘चला’ म्हणणारं कुणी मैदानावर नव्हतं. पराभवाची कारणं सांगताना आपण कवायत, बंदुका, फितुरी अशी यादी देतो. त्या संध्याकाळी भोसल्यांच्या तोफा कमी पडल्या नाहीत. कमी पडला तो सगळ्या फौजेला एक धनी.

फळी लागेपर्यंत वेलस्लीनं माणसांना जमिनीवर आडवं पडायला लावलं. साडेचारच्या सुमाराला ती उठली आणि चालू लागली. उजवीकडे ७४ वी आणि ७८ वी या गोऱ्या पलटणी पुढे होत्या. त्यांच्यावर अरब पायदळ तुटून पडलं. इंग्रजांच्या खलित्यात त्यांना इराणी समजून नोंदवलं आहे, पण वेलस्लीसोबत असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं अरबच म्हटलं आहे. हा एल्फिन्स्टन तेव्हा २४ वर्षांचा होता; पुढे पुण्याला रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर झालेला तोच. अरब मागे हटले नाहीत. संगिनींसमोर ते जवळजवळ सगळेच तिथेच पडले. डावीकडे शिंद्यांच्या स्वारांनी एका मद्रासी बटालियनवर घोडे घातले, तो हल्ला परतवला गेला. आणि मग सगळी रांगच उधळली. तोफा मागे ठेवून फौज अडगावमागच्या डोंगराकडे निघाली. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती आल्या. त्यांची मेलेली-जखमी माणसं साडेतीनशेच्या आसपास, असईच्या चौथ्या हिश्श्याइतकीही नाहीत.

उजेड वीसेक मिनिटांचा उरला होता. पण पौर्णिमेच्या सुमाराचे दिवस होते, आणि त्या चांदण्यात इंग्रजांच्या घोडदळानं कित्येक मैल पाठलाग केला. हत्ती, उंट, सामान सापडलं. उजेड आणखी तासभर असता तर एकही सुटला नसता, असं वेलस्लीनं कळवलं. मैदानात पडलेल्या मराठी माणसांची मोजदाद कुणी केली नाही.

अडगावहून सुटलेलं भोसल्यांचं पायदळ बेनीसिंगाच्या हाताखाली गाविलगडावर गेलं. तह हवा असेल तर आता हा किल्ला घ्यावा लागेल, हे वेलस्लीनं ओळखलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंग्रज अचलपूरला पोचले, जखमींसाठी तिथे दवाखाना उघडला गेला.

गाविलगड ज्यानं पाहिला आहे त्याला त्या फौजेपुढचा पेच लगेच कळेल. १४२५ मध्ये अहमदशाह बहमनीनं बांधलेला हा किल्ला मेळघाटच्या डोंगराच्या एका सोंडेवर आहे. दक्षिणेला वऱ्हाडच्या मैदानाकडे सरळ कडा. आतला किल्ला दक्षिणेला, त्याला पाखर घालणारा बाहेरचा किल्ला उत्तरेला, आणि दोहोंमध्ये खोल दरी. मैदानातून वर चढणाऱ्या वाटेवर तोफा न्यायच्या तर चढच छातीवर येतो. बरी जागा एकच, उत्तरेची, जिथे किल्ला डोंगराच्या पठाराला जोडलेला आहे. पण तिथे जायचं म्हणजे मेळघाट ओलांडायचा.

ते काम स्टीव्हन्सनकडे आलं, कारण असीरगड घेतल्यापासून वेढ्याचं सामान त्याच्याकडे होतं. ७ डिसेंबरला तो निघाला. सुमारे ३० मैलांची वाट, तीही बहुतेक नव्हतीच. माणसांनी रस्ता करायचा आणि माणसांनीच तोफा ओढायच्या, खिंडीतून खाली, दरीतून वर. अठरा पौंडी लोखंडी तोफ म्हणजे खेळणं नव्हे. चिखलदऱ्याच्या घाटात आजही वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावी लागते. तिथे पाच दिवस ही माणसं दोरखंडांना लटकून होती. १२ तारखेला स्टीव्हन्सन लबाडा गावाजवळ, उत्तरेच्या तटासमोर पोचला, आणि त्याच रात्री मोर्चे बांधायला घेतले. वेलस्ली दक्षिणेला, देवगावच्या बाजूला राहिला. तिथूनही त्यानं तोफा लावल्या, पण त्यांचा उपयोग किल्लेकऱ्यांचं लक्ष विभागण्यापुरताच झाला.

१३ तारखेला उत्तरेच्या तोफा सुरू झाल्या. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटांना माणूस शिरेल एवढी खिंडारं पडली. १५ तारखेला सकाळी दहाला सुलतानढवा झाला. पुढे कर्नल केनीची तुकडी होती. त्याच वेळी दक्षिण दरवाजाकडे आणि वायव्य दरवाजाकडे दोन तुकड्या हूल द्यायला निघाल्या. बाहेरचा किल्ला लवकर पडला. आतून पळणारी माणसं वायव्य दरवाजानं निघाली, तर बाहेरून ७८ वी पलटण नेमकी तिथे येऊन पोचलेली. अरुंद वाट, दोन्हीकडे तट. तिथे कत्तल झाली.

आतला किल्ला मात्र शिल्लक होता, आणि त्याला खिंडार पडलेलं नव्हतं. मधली दरी उतरून पुन्हा चढायचं, एकामागून एक दरवाजे, वरून गोळ्या. केनी तिथेच जबर जखमी झाला. दरवाजापाशी गर्दी तुंबली असताना ९४ व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल आपली तुकडी घेऊन बाजूला सरकला. दरीच्या पलीकडचा उतार चढून त्यांनी तटाला शिडी लावली. एकेक माणूस वर गेला, आत उतरला, आणि दरवाजा आतून उघडला गेला. पाच दिवस ओढून आणलेल्या तोफांनी जे अर्धवट ठेवलं होतं ते एका शिडीनं पुरं केलं. दिल्ली दरवाजावर आजही सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला दिसतो. ते शिल्प बघायला लोक थांबतात, फोटो काढतात. पलीकडची दरी बघायला फार कुणी जात नाही. किल्ल्याचा जीव तिच्यात होता.

बेनीसिंग आणि किल्लेदार, दोघेही राजपूत, दरवाजाजवळच्या प्रेतांच्या ढिगात सापडले. किल्ला जाणार हे दिसल्यावर त्यांनी आपल्या बायका-मुलींना मारून टाकायला सांगितलं होतं. वऱ्हाडात ही गोष्ट जोहार म्हणून मोठ्या अभिमानानं सांगितली जाते. इंग्रजांच्या आठवणींत ती जास्त करुण आहे: ज्यांच्यावर हे काम सोपवलं होतं त्यांच्या हातून ते धड झालं नाही, थोड्याच जणी मेल्या, बाकीच्या जखमी अवस्थेत सापडल्या आणि वाचल्या. वेलस्लीनं त्यांची भेट घेऊन त्यांना सन्मानानं वागवल्याचंही नमूद आहे. त्यांचं पुढे काय झालं याची दखल मात्र कुणी घेतलेली नाही. बेनीसिंग शेवटपर्यंत लढला आणि पडला, हे त्याच्या शौर्याला पुरेसं आहे. आज्ञेनं कापल्या गेलेल्या बायकांचा गौरव करून त्यात भर पडते असं मला वाटत नाही.

दोन दिवसांत, १७ डिसेंबरला, रघुजींच्या वतीनं यशवंतराव रामचंद्रानं देवगावच्या तहावर सही केली. कटक आणि बालेश्वर कंपनीला मिळालं, म्हणजे कलकत्ता आणि मद्रास यांच्यामधला समुद्रकाठ अखंड कंपनीचा झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांनी सोडलं. कंपनीनं ते स्वतःकडे ठेवलं नाही. एप्रिल १८०४ मध्ये निजामाला देऊन टाकलं. वेलस्लीच्या हाताखाली निजामाचे थोडे स्वार लढले होते हे खरं, पण एवढ्या बळावर अख्खा सुभा मिळणं हा सौदा स्वस्तातलाच. आणि ज्याच्यासाठी एवढं रक्त सांडलं तो गाविलगड? तो नरनाळ्यासह भोसल्यांना परत मिळाला, खर्चासाठी चार लाखांच्या महालांसकट. त्या महालांत अकोट होतं, भातकुली होती, आणि अडगावही होतं. ज्या मैदानावर रघुजी हरले ते मैदान त्यांच्याकडेच राहिलं.

रघुजींनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. तैनाती फौज त्यांनी पत्करली नाही. एल्फिन्स्टन नागपूरला रेसिडेंट म्हणून येऊन बसला, पण रघुजी जिवंत असेतो, म्हणजे १८१६ पर्यंत, कंपनीची पलटण नागपूरकरांच्या पैशावर पोसली गेली नाही. वसईच्या कागदावर बाजीरावानं एका सहीत जे दिलं होतं, ते रघुजींनी दोन सुभे गमावूनही दिलं नाही. हरलेल्या माणसाच्या पदरात एवढं टाकायला हवं. ते गेल्यावर वर्षाच्या आत त्यांचे पुतणे अप्पासाहेब यांनी तैनाती फौजेवर सही केली.

शिंद्यांचा तह ३० डिसेंबरला शहानूर नदीकाठच्या अंजनगाव सुर्जीला झाला. त्यांच्याकडून बोलणारा विठ्ठलपंत म्हातारा आणि बेरकी होता. चेहऱ्यावरची रेघही हलू न देता तो तासन्‌तास बोलणी चालवायचा. पुढे युरोपात फ्रान्सच्या तालेराँशी गाठ पडली तेव्हा वेलिंग्टनला विठ्ठलपंताची आठवण झाली. तालेराँ तसाच आहे, फक्त तेवढा हुशार नाही, असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. विठ्ठलपंतानं जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. पण गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच, नगर हे सगळं तलवारीनं आधीच गेलं होतं.

वऱ्हाडच्या रयतेला दोन धन्यांऐवजी एक धनी मिळाला, तो हैदराबादचा. त्यानं महाल इजाऱ्यानं दिले आणि इजारदारांनी ते पिळले. १८५३ मध्ये निजामाच्या फौजेचं कर्ज थकलं म्हणून डलहौसीनं वऱ्हाड कारभारासाठी कंपनीकडे घेतलं, आणि १९०२ मध्ये कर्झननं वर्षाला २५ लाखांवर ते कायमच्या भाडेपट्ट्यानं करून घेतलं. गाविलगड, नरनाळा आणि भोवतालचे महाल अप्पासाहेबांच्या इंग्रजांशी झालेल्या १८१७ च्या लढाईनंतर भोसल्यांकडून गेले, तेही निजामाकडेच. १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा उतरून सातपुड्याच्या बाजूला आला. तो गाविलगडाचा आसरा घेईल, या धास्तीनं इंग्रजांनी किल्ला मोडून टाकला. बेनीसिंग पडल्याला तेव्हा पंचावन्न वर्षं झाली होती.